मातीकामाचे साहेब

“मॅडम, या मातीचा प्लॅस्टिक लिमिट किती आहे?”

रविवारी सकाळी आठ वाजता, मातीच्या वर्गाच्या पहिल्याच दिवशी साहेबांकडून आलेला हा प्रश्न. आम्ही बाकीचे तेव्हा एप्रनची नाडी पुढून बांधायची की मागून, या विवंचनेत होतो. बडोद्याहून सिरॅमिक्स शिकून आलेल्या आणि वयाने साहेबांच्या धाकट्या मुलीहूनही लहान असलेल्या मॅडम क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “काका, आज आपण फक्त माती मळणार आहोत.”

“ते मळू नं. पण आधी टेस्ट नको का?” असं म्हणून साहेबांनी गोळ्यातून छोटा तुकडा तोडला, टेबलावरच्या काचेवर ठेवला आणि तळहाताने त्याची सुतळी वळायला घेतली. वळता वळता ही सुतळी तीन मिलिमीटर जाडीला तुटायला लागली, की त्या क्षणी तिच्यात जेवढं पाणी असेल तो त्या मातीचा प्लॅस्टिक लिमिट. ही चाचणी साहेबांनी काढलेली नाही. जगभरचे स्थापत्य अभियंते ती अशीच करतात. फक्त ती फुलदाणी शिकायला आलेल्या दंतवैद्य बाईंसमोर सहसा करत नाहीत. साहेबांनी खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढून सुतळी मोजली. “आता हे तुकडे ओव्हनमध्ये वाळवायचे. ओव्हन आहे नं तुमच्याकडे?”

मॅडमनी कोपऱ्यातल्या विजेच्या भट्टीकडे बोट दाखवलं. “ही आहे. बाराशे डिग्रीची.”

साहेबांनी भट्टीभोवती एक फेरी मारली. “मोठा आहे,” ते म्हणाले, “पण चालेल.”

साहेब सिंचन विभागातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या सहीने लाखो घनमीटर माती एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी टाकली गेली, पण त्यातली चिमूटभरही कधी त्यांच्या नखात गेली नव्हती. मातीला हात लावायला मजूर, मजुराला ओरडायला मुकादम, मुकादमाला जेई म्हणजे कनिष्ठ अभियंता, जेईला डेप्युटी, आणि या सगळ्यांना ओरडायला साहेब. आता अचानक ही सगळी उतरंड नाहीशी झाली होती आणि अर्ध्या किलोचा एक गोळा थेट साहेबांच्या पुढ्यात येऊन पडला होता.

असा एक साहेब मातीच्या प्रत्येक वर्गात असतो. कुठे तो बँकेचा मॅनेजर असतो, कुठे रेल्वेतला, कुठे कॉलेजचा प्राचार्य. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातून कामं करून घेतलेला, आणि साठीनंतर आपल्यालाही हात आहेत हा शोध लागलेला. नागपुरात तो बहुधा सिंचनातला निघतो, कारण या शहरात दर तिसऱ्या गल्लीत एक निवृत्त कार्यकारी अभियंता राहतो. हे माझं मोजमाप आहे. विभागाने प्रमाणित केलेलं नाही.

आमचा स्टुडिओ पश्चिम नागपुरातल्या एका जुन्या बंगल्याच्या आउटहाउसमध्ये आहे. चाकं, भट्टी, फळ्या, बादल्या सगळं सामायिक. आपलं काम झालं की आपलं चाक आपण पुसायचं, आपली जागा आपण झाडायची, असा नियम भिंतीवर लावलेला आहे. पहिल्या दिवशी वर्ग संपल्यावर साहेब आपल्या चाकाशेजारी हात पुढे धरून बराच वेळ उभे राहिले. ते शिपायाची वाट पाहून राहिले आहेत, हे मॅडमच्या उशिरा लक्षात आलं. त्यांनी फडकं दिलं. साहेबांनी ते घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि अतिशय काळजीपूर्वक स्वतःचं घड्याळ पुसलं.

साहेबांच्या घरी काकूंनी हे ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, “बाई, यांनी जन्मात चहाचा कप विसळला नाही. आता पैसे भरून चिखल तुडवून राहिले.”

पुढच्या रविवारी साहेब एमबी घेऊन आले. एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका. सरकारी बांधकामात जे एमबीत नोंदलं नाही ते झालंच नाही, असा दंडक असतो. साहेबांनी पुठ्ठ्याची जाड वही आणून तिच्या पानांवर स्वतःच क्रमांक घातले आणि पहिल्या पानावर ‘या पुस्तिकेत १०० पाने आहेत’ असं प्रमाणित करून सही केली. मग रकाने आखले: दिनांक, कामाचे वर्णन, वजन, ओलावा, उंची, व्यास, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात पहिले काही महिने एकच शब्द सापडतो. ‘कोसळले.’

ते का कोसळत होतं, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. चाकावर मातीचा गोळा आधी मधोमध स्थिर करावा लागतो. कोपर मांडीला टेकवायचं, श्वास संथ ठेवायचा आणि हात हलू द्यायचा नाही. चाक फिरतं, माती फिरते, हात फिरत नाही. साहेबांना हे सूत्र तोंडपाठ होतं. गोळा केंद्रापासून किती सरकला तर किती जोर बसतो, याचं गणित त्यांनी मॅडमना फळ्यावर मांडून दाखवलं होतं आणि ते बरोबर होतं. पण हात मातीला लागला की साहेबांना सूचना द्यायची सवय आड यायची. गोळा डावीकडे झुकला की ते त्याला उजवीकडे ढकलायचे, म्हणजे जवळजवळ कारणे दाखवा नोटीसच द्यायचे. गोळा खुलासा न देता चाकाबाहेर जायचा.

वर्गात नऊ वर्षांची एक मुलगी येते. तिच्या हाताखाली गोळा पहिल्याच दिवशी बसला. साहेबांनी तिला आपली जेई नेमलं. तेव्हापासून गोळा मधोमध बसवून द्यायचं काम जेईकडे आणि त्यानंतर तो कोसळवायचं साहेबांकडे, अशी कामाची वाटणी झाली. ती त्यांना आजोबा म्हणते. साहेब म्हणणारं कुणी उरलं नाही याचं दुःख त्यांना होतं, म्हणून आम्ही बाकीच्यांनी ते नाव लावून धरलं. मॅडमना ते स्वतः मात्र कटाक्षाने मॅडमच म्हणतात. मंजुरीचा अधिकार ज्याच्या हाती, त्याचं वय पाहायचं नाही, हा त्यांचा जुना नियम.

स्टुडिओत माती पोत्यांतून येते, आणि तिच्यातली बॉल क्ले बिकानेरकडची असते. हे कळल्यावर साहेब अस्वस्थ झाले. “इथं पायाखाली माती आणि आपण राजस्थानातून मागवून राहिलो? लीड किती पडते मॅडम, लीड?” लीड म्हणजे माती किती अंतरावरून आणली ते, त्यावर दर ठरतो. दुसऱ्या आठवड्यात काटोलकडच्या नातेवाइकाच्या संत्र्याच्या बागेतली काळी माती सिमेंटच्या पिशवीतून आली. मॅडम म्हणाल्या, ही तडकेल. साहेब म्हणाले, मला माहीत आहे. आणि त्यांना खरोखरच माहीत होतं. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाण्याने फुगतं आणि वाळलं की आक्रसतं. उन्हाळ्यात विदर्भातल्या शेतांना पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच्यामुळे आणि कालव्यांची अस्तरं फुटतात तीही याच्यामुळे. साहेबांनी काळ्या मातीची एक फरशी थापली आणि वाळत ठेवली. रविवारी पाहिलं तर तिच्या जागी नकाशातल्या जिल्ह्यांसारखे सुटे तुकडे होते. इतका आनंदी माणूस मी त्या वर्गात दुसरा पाहिला नाही. आपलं भांडं टिकल्यापेक्षा आपला सिद्धांत टिकल्याचं सुख मोठं असतं. साहेबांनी प्रत्येक तुकडा हातात घेऊन तासभर व्याख्यान दिलं आणि एमबीत लिहिलं, ‘अपेक्षेप्रमाणे.’

मग त्यांना सुरईची कल्पना सुचली. मातीच्या धरणात मधला गाभा काळ्या मातीचा असतो, पाणी अडवायला. त्याला हार्टिंग म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाचं केसिंग असतं, गाभ्याला धरून ठेवायला. महाराष्ट्रातली कितीतरी धरणं अशी उभी आहेत. मग सुरई का नाही? आत काळी माती, बाहेर पोत्यातली. मॅडमनी सांगून पाहिलं की दोन मातींचं आकुंचन वेगळं असतं. चाकावरचं भांडं वाळून, भाजून होईपर्यंत दहा-बारा टक्के लहान होतं, आणि दोघी वेगवेगळ्या मापाने लहान झाल्या तर एकमेकींना सोडतात. साहेब हसले. “धरणाला कुठं भट्टीत घालते जी कोणी?” सुरईला भट्टीत घालायचं आहे, हा मुद्दा त्यांच्या आराखड्यात नव्हता.

सुरई लांबत गेली. आधी मान पडली, मग पोट. साहेब दर वेळी नवं एस्टिमेट करायचे आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘सुप्रमा’ लिहायचे. सुधारित प्रशासकीय मान्यता, सरकारी खात्यांचं लाडकं लघुरूप. एकदा मॅडमनी धीर करून विचारलं, “काका, ही पूर्ण कधी होणार?”

“मॅडम,” साहेब शांतपणे म्हणाले, “गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधींच्या हातून झाली.”

पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही. वैनगंगेवरच्या त्या प्रकल्पाचा मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता आणि तो हजारो कोटींवर गेला, हे नागपुरातल्या पोहेवाल्यालाही ठाऊक असतं. आपण त्या प्रकल्पावर कधीच नव्हतो, हे साहेबांनी लगोलग सांगून टाकलं. ते नेहमीच लगोलग सांगतात.

मिहानमधल्या एका कंपनीत काम करणारा आणि मातीपेक्षा मोबाइलला जास्त वेळ देणारा एक तरुण आमच्यात आहे. त्याच्या वाडग्याला चीर गेली तेव्हा तो म्हणाला की जपानमध्ये याला सौंदर्य मानतात, वाबी-साबी म्हणतात. साहेबांनी चष्मा वर केला. “आमच्या वेळी याला निकृष्ट काम म्हणायचे. डिसेंबरात इथंच अधिवेशनात तारांकित प्रश्न लागायचा.” तरुणाने वाडगा गुपचूप बादलीत टाकला. वाळलेली न भाजलेली माती पाण्यात टाकली की विरघळते आणि पुन्हा कामाला येते. तारांकित प्रश्नांचं असं काही होत असल्याचं ऐकिवात नाही.

उन्हाळ्यात नागपुरात मातीचं काम करणं म्हणजे हवेशी शर्यत. २०१३ च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तेवढा नाही गेला तरी मे महिन्यातली कोरडी हवा ओल्या भांड्याचा काठ तासाभरात वाळवते आणि बूड ओलं राहतं. मग काठ ओढतो, बूड ओढू देत नाही, आणि भांडं उभं चिरतं. उपाय साधा आहे. भांड्यावर पन्नी झाकायची, तिच्यावर ओलं फडकं, आणि कूलरच्या झोतापासून लांब ठेवायचं. साहेबांनी नेमकं उलटं मत मांडलं. कूलरची हवा दमट असते, म्हणून भांडी कूलरसमोरच ठेवावीत. मत चुकीचं नव्हतं. दमट हवेत माती हळू वाळते हे खरंच. फक्त ती हवा एकाच बाजूने येते, ही गोष्ट त्यात राहून गेली होती. दोन तासांत सगळ्यांची भांडी कूलरकडे पाहून वाकली. दंतवैद्य बाईंची फुलदाणी तर नमस्कारच करत होती. साहेबांनी पंचनामा लिहिला. कारणाच्या रकान्यात ‘वारा’ असं लिहून ते मोकळे झाले.

त्याच बाईंशी त्यांचं दुसऱ्यांदा बिनसलं ते थापटण्यावरून. गोरोबाकाकांनी तेरला जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं कच्चं ते पाहिलं आणि नामदेव कच्चे निघाले, ही गोष्ट साहेबांना फार प्रिय. त्यात गुणवत्ता नियंत्रण आहे, असं ते म्हणतात. म्हणून एक लाकडी थापटणं विकत आणून ते दर रविवारी फळीवरच्या सगळ्यांच्या भांड्यांवर टकटक करत फिरायचे. नामदेवांचं डोकं टिकलं. बाईंची बरणी न भाजलेली होती, ती टिकली नाही. “कच्ची होती,” साहेबांनी निर्णय दिला. बाई दोन रविवार त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी साहेबांची दाढ दुखायला लागली आणि संबंध पूर्ववत झाले.

आमचा एकुलता एक अभ्यासदौरा साहेबांनीच आखला: चंद्रपूरच्या रस्त्यावरचं भद्रावती. तिथला ग्रामोदय संघ गांधीविचारांचे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५० च्या दशकात उभा केला, गावच्या कुंभाराला नवी तंत्रं मिळावीत आणि त्याचा धंदा जगावा म्हणून. विदर्भात कुणी सिरॅमिक्सचं नाव काढलं की भद्रावतीचं नाव निघतंच. साहेबांनी दौऱ्याची टिपणी, प्रवासाचा कार्यक्रम आणि ‘पाहणीचे मुद्दे’ असा तीन पानी कागद काढला होता. त्या भागातल्या एका म्हाताऱ्या कुंभाराच्या चाकासमोर तो कागद उघडला गेला.

म्हातारबुवांनी चाकावर एकच मोठा उंडा ठेवला होता आणि त्याच्या शेंड्यातून एकामागून एक पणत्या काढून दोऱ्याने कापत होते. आमच्या वर्गात एका भांड्याला एक गोळा असतो. गावचा कुंभार असा एका उंड्यातून खंडीभर माल काढतो. माठाची तऱ्हा तर आणखी वेगळी. चाकावर फक्त जाड गळा आणि कोवळं पोट तयार होतं. मग ते थोडं सुकलं की आतून गोल दगड धरायचा आणि बाहेरून थापटण्याने ठोकत ठोकत पोट फुगवायचं. शिवाय त्यांचं चाक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत होतं आणि आमची विजेची चाकं उलटी फिरतात. साहेबांच्या नजरेतून यातलं काही सुटलं नाही. त्यांनी पणतीला लागणारा वेळ मोजला, चाकाचे फेरे मोजले आणि मग मुद्दा क्रमांक एकवर आले.

“बाबा, मातीत ओलावा किती ठेवता? टक्के?”

“हाताले समजते नं जी.”

“ते ठीक. पण साधारण किती?”

म्हाताऱ्याने साहेबांचा हात धरला आणि उंड्यावर ठेवला. साहेबांनी तो ठेवू दिला. किती वेळ ते मी मोजलं नाही, पण साहेबांनीही मोजलं नाही, हे विशेष. त्या दिवशी एमबीत नोंद आहे: ‘ओलावा: हाताला समजेल इतका.’ खाली सही, आणि सहीखाली कंसात ‘प्रत्यक्ष पाहणी केली.’

परतल्यावर त्यांनी आम्हाला अजब बंगल्यातही नेलं. १८६३ साली स्थापन झालेलं हे मध्यवर्ती संग्रहालय नागपूरकर लहानपणी शाळेच्या सहलीत पाहतात आणि नंतर पाहुण्यांना फक्त बाहेरून दाखवतात. जुनापाणी, माहुरझरी, नैकुंड. नागपूरच्या आजूबाजूला शिळावर्तुळं पसरलेली आहेत, ती रचणाऱ्या लोकांनी मृतांसोबत दगडांच्या वर्तुळात भांडी पुरली. त्यात आतून काळी आणि बाहेरून तांबडी अशी भांडी निघतात. ती उपडी घालून भाजत, असं मानतात. आतल्या बाजूला हवा मिळाली नाही म्हणून काळी, बाहेरून मिळाली म्हणून लाल. संग्रहालयातल्या अशा भांड्यांसमोर साहेबांनी हे समजावलं तेव्हा भोवती शाळेची मुलंही जमली होती. पण साहेबांचा खरा आनंद वेगळाच होता. एका मडक्याचा काठ किंचित वाकडा होता. “पाहा, पाहा, डेव्हिएशन आहे!” ते काचेवर बोट आपटत म्हणाले. “आणि तरी अडीच हजार वर्षं उभं आहे.” त्या वाकड्या काठाने त्यांना जो धीर दिला तो मॅडमना वर्षभरात देता आला नव्हता.

इथवर वाचून कुणाला वाटेल की साहेब म्हणजे वर्गाला नुसता ताप. तसं नाही. आउटहाउसची मोरी दर महिन्याला तुंबायची, कारण हात धुतल्याचं गढूळ पाणी थेट तिच्यात जायचं आणि माती पाइपात बसायची. साहेबांनी तीन प्लॅस्टिकच्या टाक्या एकीपेक्षा एक खाली अशा मांडल्या, मध्ये आडव्या पट्ट्या घातल्या आणि गाळ पहिल्या दोन टाक्यांतच बसेल अशी सोय केली. नकाशा काढला, उतार मोजला, मॅडमकडून कामाचा खर्च मंजूर करून घेतला. तेव्हापासून मोरी तुंबलेली नाही आणि बसलेली माती वाळवून पुन्हा वापरात येते. भट्टीही आता त्यांच्याच ताब्यात आहे. कच्ची भाजणी करताना शंभर अंशांच्या अलीकडे घाई केली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन भांडं फुटतं. ५७३ अंशांना मातीतल्या गारेचे स्फटिक रूप बदलतात आणि एकदम फुगतात, तिथेही सावकाश जावं लागतं. भाजणीच्या रात्री साहेब डबा, टॉर्च आणि एमबी घेऊन खुर्ची टाकून बसतात आणि अर्ध्या अर्ध्या तासाला तापमान लिहितात. एकदा पावसाळ्यात मध्यरात्री लाइन गेली. भट्टी कुठवर पोहोचली होती, किती वेगाने उतरली, पुन्हा कुठून चढवायची हे साहेबांच्या रकान्यांत होतं म्हणून सगळ्यांचा माल वाचला. त्या फेरीत साहेबांचं स्वतःचं एकही भांडं नव्हतं. ते कोसळलं होतं.

रंगाचा हट्ट मात्र त्यांनी सोडला नाही. ग्लेझ नागपूरचीच हवी. निळ्यासाठी कोबाल्ट लागतं, हिरव्यासाठी तांबं. ते इथे कुठलं? पण मनसरकडे मँगनीजच्या खाणी आहेत आणि मॉइलचं मुख्यालय तर नागपुरातच. एका जुन्या ओळखीतून खनिजाचा गोळा आला. त्याची पूड श्वासात जाणं चांगलं नाही, म्हणून मॅडमनी मास्क लावायला लावला, भट्टी चालू असताना खोलीत थांबू दिलं नाही. मँगनीजने तपकिरी आणि काळपट जांभळा रंग येतो. साहेबांना तपकिरी आला. तो त्यांना शासकीय विश्रामगृहाच्या दरवाज्यांची आठवण देणारा निघाल्यामुळे फार आवडला.

दिवाळीआधी वर्गाचं प्रदर्शन लागलं. तोवर साहेबांच्या हातून काही मग उभे राहिले होते. काटोलची काळी माती आणि बिकानेरची बॉल क्ले यांचा समन्वय साधून केलेले. अशी माती फार तापवली तर वितळून बसते, म्हणून ते बेताच्या आचेवर भाजले; त्यामुळे आतून सच्छिद्र राहिले आणि वरच्या ग्लेझला बारीक तडे गेले. प्रत्येक मगाशेजारी साहेबांनी दर विश्लेषणाचा तक्ता लावला. माती, वाहतूक, वीज, मजुरी (कुशल), मजुरी (अकुशल, जेई), उपरिव्यय, आणि शेवटी नफा दहा टक्के. एका मगाची किंमत अशी निघाली की तेवढ्यात चांदीचा पेला आला असता. लोक तक्ता वाचायचे, मान डोलवायचे आणि शेजारच्या मुलीच्या पणत्या घ्यायचे.

संध्याकाळी एक गृहस्थ आले. पांढरा सदरा, बोटांत अंगठ्या, मागे ड्रायव्हर. जुने ठेकेदार. साहेबांना वाकून नमस्कार केला आणि किंमत न पाहता म्हणाले, “सगळे बांधून द्या.”

साहेब उभे राहिले. “भाव पाहा आधी.”

“तुमचं काम आहे साहेब, भाव काय पाहायचा!”

“पाहायचा. आणि पावतीही घ्यायची. मी रिटायर झालो, आता कायले?”

ठेकेदार थोडे गोंधळले. मग त्यांनी मग उचलला, उलटा करून बूड पाहिलं, व्यवस्थित टिचकी मारली आणि साहेबांचा तक्ता शेवटपर्यंत वाचला. तीस वर्षं साहेबांनी वाचलेल्या सगळ्या बिलांचा सूड त्या वाचण्यात होता. “ठीक आहे,” ते म्हणाले. “पूर्ण देतो. पण पाच टक्के डिपॉझिट राखून. दोष-दायित्व कालावधी एक वर्ष.”

साहेबांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला समाधान म्हणावं लागेल. पहिल्यांदाच कुणी त्यांच्या कामाला काम समजलं होतं. त्यांनी एमबी उघडली, करारनाम्यासारखी नोंद केली, दोघांनी सह्या केल्या, साक्षीदार म्हणून दंतवैद्य बाईंची घेतली.

तेव्हा तुम्ही नागपूरला आलात आणि कुणी तुम्हाला तपकिरी रंगाचा जाड मग भेट दिला, तर आनंदाने घ्या, पण त्यात चहा ओतण्याआधी तो पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद ओला दिसेल. साहेबांना त्याबद्दल विचारलंत तर सीपेज मान्य मर्यादेत असल्याचं ते आकड्यांसह पटवून देतील. ठेकेदारांना ते पटलेलं नाही. पाच टक्के त्यांनी अजून सोडलेले नाहीत.